विषय: केरी प्राइसच्या आठ वर्षांच्या कराराविषयी

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

गोलरक्षक प्राइसशी केलेला करार ही माँट्रियल कॅनेडियन्स या आइस हॉकी संघाची घोडचूक होती, असे मत इथे काहींनी मांडले आहे. मला ते अन्यायाचे वाटते. २ जुलै २०१७ रोजी, जुन्या कराराचे एक वर्ष शिल्लक असतानाच, संघाने त्याच्याशी आठ वर्षांसाठी ८ कोटी ४० लाख डॉलरचा, म्हणजे वर्षाकाठी सरासरी १ कोटी ५ लाखांचा, नवा करार केला. ज्याने २०१४-१५ च्या हंगामात ४४ सामने जिंकून देऊन सर्वोत्तम गोलरक्षकाचा व्हेझिना आणि सर्वात मोलाच्या खेळाडूचा हार्ट हे दोन्ही करंडक मिळवले होते आणि ज्याच्या तोडीचा दुसरा गोलरक्षक संघापाशी नव्हता, त्याला हातचा जाऊ द्यायचे होते का? २०२१ मध्ये टोरांटोविरुद्धच्या मालिकेत ३-१ असा मागे पडलेला हा संघ २८ वर्षांनी स्टॅनली कपच्या, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीत पोहोचला, तो प्रामुख्याने त्याच्याच बळावर. साँ-जाँ-बाप्तिस्त या क्वेबेकच्या सणाच्या रात्री उपांत्य फेरीत व्हेगसला हरवले, तेव्हाचा शहरातला आनंद मी अजून विसरलेलो नाही.

---

आदरणीय काका,

माझा आक्षेप रकमेपेक्षा मुदतीला आहे. नव्या कराराचा पहिला हंगाम सुरू झाला तेव्हा प्राइस ३१ वर्षांचा होता आणि त्याआधीच, २०१५-१६ मध्ये, गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्याला अवघे १२ सामने खेळता आले होते. गुडघे आत वळवून बर्फावर टेकायचे आणि लगेच उसळून उठायचे, हे ज्याला सामन्यात पुन्हा पुन्हा करावे लागते, त्याच्या गुडघ्यांचा आठ वर्षांचा भरवसा कोणी द्यावा? २०१८-१९ मध्ये संघाची पगारमर्यादा, म्हणजे सर्व खेळाडूंवर मिळून खर्च करता येणारी कमाल रक्कम, ७ कोटी ९५ लाख डॉलर होती. तिचा आठवा हिस्सा आणि वर थोडे एकट्या गोलरक्षकासाठी गेल्यावर आक्रमणासाठी हात आखडता घ्यावाच लागतो. २०२१ च्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तो केवळ पाच सामने खेळला, आणि २०२५ मध्ये त्याचा करार सॅन होजे संघाकडे देताना नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतील पाचव्या फेरीचा हक्कही सोबत गेला.

फ्लोरिडा संघाने २०१९ मध्ये गोलरक्षक बॉब्रोव्स्कीला सात वर्षांसाठी ७ कोटी डॉलर दिले आणि २०२४ व २०२५ चे कप जिंकले, हे मला मान्य आहे. पण तिथे त्याच्यापुढे बार्कोव्ह आणि कचक यांच्यासारखे आक्रमक खेळत होते. माझ्या मते प्राइसला पाच वर्षे पुरेशी होती.

---

चिरंजीव मित्रा,

गुडघ्याविषयीचे तुमचे म्हणणे रास्त आहे आणि त्याचे वजन मी कमी लेखले, हे कबूल करतो. परंतु पाच वर्षांच्या करारावर तो राजी झाला असता, असे मला वाटत नाही. त्या वेळच्या नियमानुसार स्वतःच्या संघाला आठ वर्षे आणि इतरांना सात वर्षे देता येत होती. २०१८ च्या उन्हाळ्यात जुना करार संपून तो मोकळा झाला असता, तर सात वर्षे देणारा कोणीतरी पुढे आलाच असता.