विंडोज 11 टाकताना ‘या डिस्कवर इन्स्टॉल करता येत नाही’

प्रश्न: पेन ड्राइव्हवरून बूट होतं, पण पार्टिशन निवडलं की एमबीआर पार्टिशन टेबल (डिस्कच्या विभागांची नोंद ठेवायची जुनी पद्धत) असल्याचा एरर येतो. हार्ड डिस्क 1 टीबीची, डी ड्राइव्हवर घरचे फोटो आहेत. काय करावं?

प्रतिसाद: डिस्क बिघडलेली नाही. पेन ड्राइव्ह यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) मोडमध्ये सुरू झालाय आणि त्याला जीपीटी (एमबीआरच्या जागी आलेली नवी पद्धत) डिस्कच लागते. आधी फोटो दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा आणि दोन-चार उघडून बघा. मग सेटअपमध्ये शिफ्ट+एफ10 दाबून कमांड विंडो उघडा आणि एकामागून एक या कमांड द्या: डिस्कपार्ट, लिस्ट डिस्क. 1 टीबीची डिस्क तिथे 931 जीबी दिसेल. यादीत पेन ड्राइव्हही असतो, म्हणून आकार पाहूनच नंबर निवडा. पुढच्या कमांड: सिलेक्ट डिस्क 0 (0 च्या जागी तुमचा नंबर), क्लीन, कन्व्हर्ट जीपीटी. क्लीनने सी-डी सगळंच जातं, हे कृपया विसरू नका.

प्रतिसाद: जुनं विंडोज 10 चालू असेल तर एमबीआर2जीपीटी हे विंडोजमधलंच टूल वापरून डेटा न पुसताही जमतं. मात्र प्रायमरी पार्टिशन तीनपेक्षा जास्त नकोत, लॉजिकल (एक्स्टेंडेड पार्टिशनच्या आत बनवलेलं) तर एकही नको. डी लॉजिकल असू शकतो, आधी तपासा. बॅकअप तरीही घ्याच. नंतर बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद करून यूईएफआय बूट निवडा, जुन्या मोडमध्ये बूटच होणार नाही.