मदत हवी आहे: १९६६ च्या एमजीबीत क्रँककेसचा मूळ व्हॉल्व्ह परत बसवावा का?

सर्व जाणकारांना नमस्कार.

इंग्लंडमध्ये राहत असताना दोन वर्षांपूर्वी मी १९६६ ची एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) विकत घेतली. इंजिन पाच मेन बेअरिंगांचे, १७९८ सीसी, १८जीबी मालिकेतील आहे. आधीच्या मालकाने इनलेट मॅनिफोल्डवरील (सिलिंडरांत मिश्रण नेणाऱ्या नळ्यांवरील) स्मिथ्स बनावटीचा, क्रँककेसमधील (क्रँकशाफ्ट फिरतो त्या इंजिनाच्या खालच्या भागातील) वायू ओढून घेण्यासाठीचा व्हॉल्व्ह काढून तिथले तोंड बंद केले आहे आणि इंजिनाच्या बाजूच्या पुढच्या झाकणातून, म्हणजे टॅपेट कव्हरमधून निघणाऱ्या नळीवर नुसता एक लहान फिल्टर अडकवला आहे. चढावर थोडा वेळ गाडी ताणली की बेल हाउसिंगच्या (इंजिन व गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या क्लचच्या आवरणाच्या) तळाच्या भोकातून तेल ठिबकते. या गाडीच्या गिअरबॉक्समध्येही इंजिनाचेच तेल घालतात, त्यामुळे हे तेल कुठले, हे रंगावरून किंवा वासावरून सांगणे कठीण आहे. मात्र डिपस्टिकवर इंजिनाची पातळी उतरते, गिअरबॉक्सची उतरत नाही.

माझा तर्क असा आहे की, पिस्टनच्या रिंगांजवळून निसटणारा वायू मूळ रचनेत मॅनिफोल्डच्या ओढीने काढून घेतला जात असे आणि क्रँककेसमध्ये किंचित निर्वात राहत असे. आता ती ओढ नाहीशी झाल्याने दाब वाढतो व क्रँकशाफ्टच्या मागच्या मेन बेअरिंगच्या सीलमधून तेल बाहेर पडते. चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन १५० ते १६० पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) दरम्यान असल्याने रिंगा फारशा झिजल्या असतील, असे वाटत नाही. टॅपेट कव्हरच्या आतील तारेची जाळी मात्र मी अजून उघडून पाहिलेली नाही. ती काजळीने बुजली असेल तर व्हॉल्व्ह बसवूनही उपयोग होणार नाही, हे मला मान्य आहे.

नळी थेट मॅनिफोल्डला जोडण्याचा सल्ला एकाने दिला होता, पण मध्ये व्हॉल्व्ह नसेल तर आयडलिंगला (गाडी उभी असून इंजिन मंद चालते तेव्हा) निर्वात सर्वाधिक असताना तेलही ओढले जाईल आणि मिश्रण बिघडेल, म्हणून तो मी मानला नाही.

आता दोन पर्याय आहेत. पहिला, मूळ व्हॉल्व्ह नव्या डायफ्रॅमसह (आतल्या लवचीक पडद्यासह) बसवणे. तो नीट काम करत असेल तर गरम इंजिन आयडलिंगवर असताना तेल भरण्याचे झाकण उघडल्यावर इंजिनाचे फेरे मिनिटाला सुमारे २०० ने वाढायला हवेत, अशी सोपी परीक्षा आहे. दुसरा, १९६८ च्या अखेरीस आलेली रचना, म्हणजे क्रँककेसचा वायू बाहेर काढणारी नळी थेट कार्बोरेटरांना जोडणे. पण त्यासाठी तशी तोंडे असलेले एसयू एचएस४ कार्बोरेटर घ्यावे लागतील, आणि माझे सध्याचे उत्तम चालत असताना ते बदलायला मन धजत नाही.

बाजारात मिळणारे नवे डायफ्रॅम आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलच्या वाफेत किती टिकतात, याचा कोणाला अनुभव आहे का? शिवाय माझ्या गाडीला सध्या तेल भरण्याच्या तोंडावर हवा न घेणारे साधे झाकण आहे. व्हॉल्व्ह बसवल्यास जाळी व ठरावीक मापाचे छिद्र असलेले मूळ झाकणच लागेल, की रॉकर कव्हरवर (इंजिनाच्या माथ्यावरील आवरणावर) वेगळी फिल्टर लावलेली वाट करून चालेल? इंजिन उतरवून सील बदलण्याआधी एवढे करून पाहावे, असा माझा विचार आहे.