पाइनचं तेल: हुंगायचं की अंगालाही लावायचं?

गंधवेडा
माझं मत आधीच सांगतो: हे हुंगायचं तेल आहे, चोळायचं नाही. डिफ्यूझरमध्ये (वास हवेत पसरवणारं यंत्र) 100 मिली पाण्याला 3 थेंब, अर्धा तास, खिडकी किलकिली. सर्दी त्याने बरी होत नाही, खोलीचा कोंदटपणा कमी वाटतो, एवढंच. घेताना बाटलीवर 'पायनस सिल्व्हेस्ट्रिस' हे झाडाचं शास्त्रीय नाव आणि सुयांसारख्या पानांपासून काढल्याचा उल्लेख बघा. फिनेलचा कच्चा माल विकणाऱ्यांकडे किलोवर मिळतं ते 'पाइन ऑइल' वेगळं. टर्पेंटाइनवर आम्लाची प्रक्रिया करून बनवतात, त्यात मुख्यतः टर्पिनिऑल हे रसायन. ते फरशीसाठी.

सुईपर्ण
फिनेलचा मुद्दा मान्य. पण 'चोळायचं नाही' हे अति झालं. 30 मिली तिळाच्या तेलात 6 थेंब म्हणजे साधारण 1 टक्का. आंबलेल्या पोटऱ्यांना चांगली ऊब येते. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून 48 तास थांबायचं. कातडी पोळते ती तेल नुसतंच लावल्याने, नाहीतर आंघोळीच्या बादलीत टाकल्याने. पाण्यात ते विरघळत नाही, तवंग धरतं, आणि पहिल्याच तांब्याबरोबर तो तवंग अंगावर येतो.

रसायनी
सुईपर्ण, टक्का बरोबर, पण बाटलीचं वय विसरलात. यातली आल्फा-पायनीन आणि डेल्टा-3-कॅरीन ही रसायनं (टर्पीन) हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून हायड्रोपेरॉक्साइडं, म्हणजे एका प्रकारची पेरॉक्साइडं, तयार करतात. ॲलर्जी जडवतात ती हीच. टर्पेंटाइन हाताळणाऱ्या रंगाऱ्यांच्या हातांना इसब व्हायचा, त्यामागेही हेच कारण. सुगंध उद्योगाच्या 'इफ्रा' संस्थेची मर्यादा आहे: पाइन कुळातल्या तेलांत पेरॉक्साइड लिटरला 10 मिलिमोलपेक्षा कमी हवं. घरी कोण मोजणार? आणि तुमची 48 तासांची चाचणी आधीपासून असलेली ॲलर्जी दाखवते. वापरता वापरता जडणारी तिच्यात दिसत नाही, आणि एकदा जडली की सहसा जात नाही.

सुईपर्ण
म्हणून तेलच टाकून द्यायचं? 10 मिलीची गडद काचेची बाटली घ्या, उघडल्याची तारीख चिकटवा, बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा. तेल अर्ध्यावर आलं की लहान बाटलीत ओता, म्हणजे वर हवा कमी राहते. वर्ष उलटलं, दाटसर झालं किंवा वास वार्निशसारखा यायला लागला, की अंगासाठी बाद.

वाफारा
खरा घरगुती प्रश्न राहिलाच. पातेल्यात 2 थेंब टाकून डोक्यावर टॉवेल घेतला तर काय बिघडलं?

गंधवेडा
बिघडतं. थेंब पाण्यावर तरंगतो आणि पहिल्या काही श्वासांतच बहुतेक उडून जातो. डोळे चुरचुरतात, दमेकऱ्याची छाती आवळू शकते. वाफ साधीच घ्या. वास हवाच तर रुमालावर 1 थेंब. लहान मुलांसाठी हेही नको, आणि उकळतं पातेलं त्यांच्यासमोर ठेवणं हाच त्यातला मोठा धोका. पणतीवर वाटी तापवण्याचे ते शोभिवंत दिवेही बाजूला ठेवा, तेल ज्वालाग्राही आहे.

रसायनी
मुलाने चुकून प्यायलं तर ओकारी काढायला लावू नका. इतकं पातळ तेल उलटीबरोबर फुप्फुसांत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. बाटलीसकट रुग्णालय गाठा. घरात मांजर असेल तर डिफ्यूझरही नको, त्यांच्या यकृताला ही रसायनं नीट निकामी करता येत नाहीत. ओझोन सोडणारं हवाशुद्धी यंत्र चालू असताना तर नकोच: ओझोन आणि हे टर्पीन मिळून खोलीत फॉर्मल्डिहाइड हा घातक वायू तयार होतो.

सुईपर्ण
मांजराचं मान्य, वाफेचंही. पोटऱ्यांचं अजून नाही. ताज्या बाटलीतलं 1 टक्का मोठ्या माणसाने आठवड्यातून दोनदा लावलं, तर नक्की किती पेरॉक्साइड कातडीवर जातं, ते आकड्यात सांगा.

रसायनी
बाटलीवर पेरॉक्साइडचा आकडा छापलेला असेल तर सांगतो.