तियोमानला एकटीने, कमी खर्चात: डिसेंबर चालेल का?

सिंगापूरच्या पुंगोलहून, मंडळाची नवी सभासद

सर्वांना नमस्कार,

गणपतीत प्रसादाच्या टेबलावर मी होते, काहींना चेहरा आठवेल. २० ते २५ डिसेंबर ऑफिस बंद आहे. तेव्हा मलेशियातल्या तियोमान बेटावर एकटीने जायचं मनात आहे. पाठीवर एक सॅक, बस आणि फेरीबोट, सगळं मिळून ३०० सिंगापूर डॉलर. त्यापुढे एक डॉलरही नाही, कारण या वर्षी घरी पैसे पाठवायचे आहेत. शाकाहारी आहे. पोहायला येतं, पण तलावातलं. कोणी गेलं असेल तर कृपया लिहा. साताऱ्याला आईला अजून सांगितलेलं नाही. आखणी पक्की झाली की सांगेन.

---

बेडोकहून, काका

बाळा, बेत चांगला आहे, महिना चुकलाय.

मी तियोमानला सात-आठ वेळा गेलोय. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथला पावसाळा. ईशान्येचे मोसमी वारे दक्षिण चिनी समुद्रावरून येतात आणि मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावर आदळतात. फेऱ्या कमी होतात, ऐनवेळी रद्द होतात, बरीच शॅले, म्हणजे पाहुण्यांची राहायची छोटी घरं, कुलूप लावून बसतात. फेरी रद्द झाली की बेटावरची प्रत्येक जादा रात्र तुझ्या त्या ३०० डॉलरमधून जाणार.

मी अलिबागचा. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, पुढे नारळी पौर्णिमेला नारळ वाहायचा आणि मग होड्या पाण्यात. तियोमानला नेमकं उलटं. आपला नैऋत्य मोसमी वारा सुमात्रा आणि द्वीपकल्पाच्या डोंगरांपलीकडे अडतो, म्हणून कोकणात समुद्र खवळलेला असतो त्या दिवसांत इथे पाणी निवळशंख असतं. मार्च ते ऑक्टोबर जा. डिसेंबरच हवा असेल तर पश्चिमेला लंकावी बघ, तिथे तेव्हा कोरडं असतं. पण ते लांब, आणि ३०० मध्ये बसवणं कठीण.

दुसरी गोष्ट भरतीची. फेरी मलेशियाच्या किनाऱ्यावरच्या मर्सिंगहून सुटते. मर्सिंगचा धक्का नदीच्या मुखाशी, गाळामुळे पाणी उथळ. ओहोटीला बोट बाहेर पडू शकत नाही, म्हणून फेरीच्या वेळा रोज बदलतात. आमच्या कुलाबा किल्ल्यात सुकतीला चालत जाता येतं आणि भरतीला होडी लागते, तसंच समज. आजोबा तिथीची पाऊणपट करून भरती सांगायचे. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. तो हिशोब मर्सिंगला चालत नाही, प्रत्येक बंदराचा वेगळा असतो. पण भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, हे तिथेही लक्षात ठेव. आधी फेरीची वेळ बघायची, मग बसचं तिकीट काढायचं. बहुतेक जण उलटं करतात आणि अडकतात.

---

क्लेमेंटीहून, मावशी

अगं, एकटी कशाला? एप्रिलमध्ये मंडळाचीच सहल काढू, पंधरा-वीस जण होतील, मोठी बोट करू. काळजी वाटते म्हणून लिहितेय, राग मानू नकोस.

आणि जाणारच असशील तर खाण्याचं ऐक. मलय स्वयंपाकात बलाचान असतं, म्हणजे वाळवलेल्या बारीक कोळंबीचा गोळा, आपल्या जवळ्याच्या जातीचं. भाजीतही घालतात, दिसत नाही, वासावरून कळतं. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हटलंस तर कोंबडी काढतील आणि बलाचान ठेवतील. ‘ताक माऊ बलाचान’ म्हणायचं, आणि पुढे ‘ताक माकान आयाम, इकान, उदांग’, म्हणजे कोंबडी, मासे, कोळंबी खात नाही. सकाळी रोटी चनाय, म्हणजे मैद्याचा पराठा, मिळते, बरोबरची डाळ माशाच्या रश्श्यातली नाही ना हे विचारून घे. मेतकूट, भाजलेले पोहे आणि दाण्याची चटणी मी देते, येऊन घेऊन जा.

---

पुंगोलहून

मावशी, राग कसला! सहलीलाही नक्की येईन. पण हा प्रवास मला एकटीनेच करायचा आहे. बारावीपासून आजवर मी कुठेही गेले ती कोणाच्या तरी सोबत, कोणीतरी ठरवलेल्या वेळेला. एकदा स्वतः वेळापत्रक बघून, स्वतः चुकून, स्वतः निस्तरून यायचं आहे. मेतकुटासाठी रविवारी येते.

काका, डिसेंबर रद्द. गुड फ्रायडे ३ एप्रिलला आहे, तो जोडून घेऊ का?

---

ईशूनहून, ताई

मी दोनदा एकटीने गेलेय. गुड फ्रायडेला जाऊ नकोस. लाँग वीकेंडला मलेशियात जाणाऱ्या वुडलँड्सच्या पुलावरच अर्धा दिवस जातो आणि बेटावर खोल्यांचे भाव चढतात. मंगळवारी निघ, पहाटे.

रस्ता असा: वुडलँड्सहून बसने पुलापलीकडचं जोहोर बारू. दोन्ही इमिग्रेशनला सॅक घेऊन उतरायचं, तिकीट जपायचं, कारण तीच बस थांबत नाही, पुढच्या बसला तेच दाखवायचं. मग लार्किन स्टँडवरून मर्सिंगची बस, अडीच-तीन तास. भारतीय पासपोर्टला डिसेंबर २०२३ पासून ३० दिवस व्हिसा लागत नाही, सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे. मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड मात्र आधीच्या तीन दिवसांत भरावंच लागतं.

एकटीला महाग काय पडतं ते सांगते. खायला नाही, बसला नाही. खोली आणि बोट. खोलीचे पैसे वाटून घ्यायला कोणी नसतं, आणि गावागावांतल्या सी-टॅक्सीला कमीत कमी दोन माणसांचे पैसे घेतात. बेटाला किनाऱ्याने फिरणारा रस्ता नाही. म्हणून जिथून पायी हिंडता येईल असं गाव निवड. मी आयर बातांग घेतलं, सगळे एबीसी म्हणतात. तिथून टेकेक या मुख्य गावाला पाऊलवाटेने जाता येतं आणि एटीएमही टेकेकलाच. उत्तरेला सालांगपर्यंत जंगलातून वाट आहे, मधे मंकी बे. टेकेकहून जुआरा साधारण सात किलोमीटर, डोंगर ओलांडून. वाटेत घोरपडी दिसतील, त्यांच्याकडून काही त्रास नाही. माकडं मात्र पिशवी उघडतात. दुपारी तीननंतर जंगलात शिरू नकोस, आत लवकर अंधारतं.

जुआरा पूर्वेला. तिथे समुद्रकासवांची अंडी जपण्याचं काम चालतं. मी कोकणात वेळासला पिल्लं समुद्रात जाताना पाहिली होती, ती ऑलिव्ह रिडली. इथली हिरवी कासवं. ते बघायला वेळ काढच.

पंख्याची खोली घे, एसी नको. परदेशी पाहुण्यांना खोलीमागे रात्रीला १० रिंगिट पर्यटन कर लागतो, तो धरून भाव विचार. मास्क आणि नळी स्वतःची ने, रोजचं भाडं वाचतं. फेरी बऱ्याच गावांना थांबत जाते, चढतानाच खलाशाला गाव सांग.

आणि माझी चूक. पहिल्या वेळी आठवडाभर आधी एका एजंटने सांगितलेली वेळ धरून गेले. मर्सिंगला पोचले तर बोट तासाभरापूर्वी गेलेली, पुढची दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्रीची खोली, दोन जेवणं, आणि बेटावरच्या बुकिंगचे पैसे गेले ते वेगळेच. धक्क्याजवळच्या खानावळीतल्या आजींनी मला रात्री दहापर्यंत बसू दिलं, माझ्याशी बोलत राहिल्या. मी ना मलय जाणत होते, ना त्या इंग्रजी. एकटीने जाणं भीतीचं आहे का, असं कोणी विचारलं की मला त्या आठवतात.

कपड्यांचं एकच. गाव मुस्लिम आहे. किनाऱ्यावर पोहण्याचे कपडे चालतात, गल्लीत आणि दुकानात वर काहीतरी घाल. रात्री खोलीचं दार लाव, पहिल्याच दिवशी शॅलेच्या मालकिणीला सांग कुठल्या वाटेने जाणार आणि किती वाजता परतणार.

---

बेडोकहून, काका

ताईंचं बरोबर आहे, आणि माझंही एक कारण आहे. २ एप्रिलला हनुमान जयंती, म्हणजे पौर्णिमा. तेव्हा उधाण असतं, भरती मोठी तशी ओहोटीही खोल, बोटीला वेळ कमी मिळतो. अष्टमीला भांग असतो, चढ-उतार कमी. ७ ला मंगळवार आहे, ११ ला शनिवार. अष्टमी त्याच दिवसांत येते, ते दिवस बरे.

पाण्यात उतरशील तेव्हा लाइफ जॅकेट घाल, पोहायला येत असलं तरी. तलावात पाय टेकवता येतात. इथे टेकवशील तर प्रवाळ मोडेल आणि तळपायही फाटेल. गोलसर, मोठ्या दातांचा ट्रिगरफिश घरट्याजवळ गेलीस की अंगावर येतो. त्याच्या वर न जाता आडवी पोहत दूर हो.

---

पुंगोलहून

ठरलं. ७ ते ११ एप्रिल, चार रात्री एबीसी. ३०० पैकी ६० डॉलर मी मोडायचे नाहीत, मर्सिंगला अडकले तर त्या रात्रीसाठी. बाकी २४० मध्ये बसतंय, दोनदा मोजलं.

काल आईला फोन करून सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, तिकडे फोनला रेंज असते का, आणि बलाचानचा वास कसा असतो. मावशी, तिला तुमचा नंबर देऊ का? तिला तुमच्याशी बोलायचं आहे.

काका, मार्चअखेर एकदा आठवण करते. ७ तारखेला मर्सिंगची भरती किती वाजता, ते तुमच्याबरोबर बसून बघायचं आहे. कोणाकडे जास्तीचा मास्क असेल तर कळवा.