पायलट सिग्नलची चाचणी: सिम्युलेटर जोडताच चार्जर दोष दाखवतो

प्रश्न

नमस्कार. विद्युत वाहनाच्या एसी चार्जरचे नियंत्रण करणारे सर्किट मी घरी तयार केले असून, प्रत्यक्ष गाडी जोडण्यापूर्वी ते टेबलावरच तपासून पाहत आहे. मेन्सचा पुरवठा अजून कोठेही जोडलेला नाही. कॉन्टॅक्टरच्या (गाडीकडे जाणारा मेन्सचा पुरवठा जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विद्युत स्विचच्या) जागी केवळ एक एलईडी आहे. पायलट सिग्नल (चार्जर आणि गाडी ज्या तारेवरून एकमेकांना स्थिती कळवतात तो सिग्नल) आयईसी ६१८५१-१ या मानकानुसार, म्हणजे १ किलोहर्ट्झ आणि अधिक-उणे १२ व्होल्टचा असून तो १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून बाहेर येतो. गाडीच्या जागी मी पायलट आणि अर्थ यांच्यामध्ये २.७४ किलोओहमचा रेझिस्टर लावला आहे आणि त्याला समांतर १.३ किलोओहमचा दुसरा रेझिस्टर, गाडी चार्जिंग मागत आहे असे दाखवण्यासाठी, स्विचने जोडता येतो. हाच माझा सिम्युलेटर.

सिग्नल स्थिर १२ व्होल्टवर असताना सिम्युलेटर जोडला की व्होल्टेज ८.८ वर येते आणि ‘गाडी जोडली आहे’ ही स्थिती सर्किट बरोबर ओळखते. त्यानंतर १६ अँपिअरसाठी २६.७ टक्के ड्यूटी सायकलचा (म्हणजे प्रत्येक आवर्तनात तेवढा वेळ वर राहणारा) सिग्नल सुरू होतो, आणि लगेच दोषाचा दिवा लागून पायलट उणे १२ व्होल्टवर जाऊन थांबतो. फर्मवेअरमधली दोषतपासणी तात्पुरती बंद करून मल्टिमीटरने डीसी व्होल्टेज मोजले, तेव्हा ते उणे ४.१ भरले. रेझिस्टर मोजून पाहिले, वीजपुरवठा बदलला, मायक्रोकंट्रोलरही नवा लावला, तरी काही फरक पडला नाही. दोष नेमका कोठे शोधावा?

पहिले उत्तर

मल्टिमीटर येथे सरासरी दाखवतो, हे प्रथम ध्यानात घ्यावे. गाडी जोडलेली असताना सिग्नलची वरची पातळी ९ व्होल्ट आणि खालची उणे १२ व्होल्ट असायला हवी. २६.७ टक्के वेळ ९ व्होल्ट आणि उरलेला ७३.३ टक्के वेळ उणे १२ व्होल्ट, असा हिशेब केला तर सरासरी उणे ६.४ येते. आपल्याला उणे ४.१ मिळाले आहे, आणि हा फरक मीटरच्या चुकीने पडण्याइतका लहान नाही. वेळेचे प्रमाण बरोबर आहे असे धरले, तर खालची पातळी उणे १२ पर्यंत पोहोचत नाही, एवढाच अर्थ उरतो.

ऑसिलोस्कोप उपलब्ध असेल तर दोन्ही पातळ्या स्वतंत्रपणे पाहाव्यात. पायलट सिग्नल अर्थच्या संदर्भानेच मोजला जातो, त्यामुळे प्रोबची क्लिप अर्थला लावणे या चाचणीत योग्य आहे. परंतु पुढे मेन्स जोडल्यावर तीच क्लिप फेज किंवा न्यूट्रलला कधीही लावू नये.

प्रश्नकर्ता

मित्राचा ऑसिलोस्कोप आणून पाहिले. वरची पातळी अधिक ८.८ आणि खालची उणे ८.८ आहे. सिम्युलेटर काढला की खालची पातळी पुन्हा उणे १२ होते.

दुसरे उत्तर

आपल्या सिम्युलेटरमध्ये डायोड नाही. गाडीच्या आत पायलट तारेवर रेझिस्टरच्या आधी एक डायोड असतो आणि तो प्रवाह एकाच दिशेने जाऊ देतो. त्यामुळे सिग्नल वर असताना गाडी त्याला ९ किंवा ६ व्होल्टपर्यंत खाली ओढू शकते, पण सिग्नल खाली असताना तिला काहीच ओढता येत नाही आणि उणे १२ व्होल्ट जसेच्या तसे राहतात. डायोड नसल्यास १ किलोओहम आणि २.७४ किलोओहम यांच्यात व्होल्टेज दोन्ही दिशांनी सारखेच विभागले जाते. १२ गुणिले २.७४ भागिले ३.७४ म्हणजे ८.७९, आणि तोच आकडा आपल्याला वर-खाली दोन्हीकडे दिसत आहे. त्याची सरासरी काढली तरी उणे ४.१ च येते.

खरे तर दोषाची खूण पहिल्याच मोजणीत होती. २.७४ हा आकडा सहज गोल असा निवडलेला नाही; डायोडवर सुमारे ०.७ व्होल्ट खर्च होतील असे धरून तो ठरवलेला आहे. डायोड लावून पुन्हा गणित केले तर ८.९८, आणि १.३ किलोओहम समांतर जोडल्यावर जवळजवळ नेमके ६ व्होल्ट येतात. ८.८ हे मूल्य सहनसीमेत बसत असल्यामुळे स्थिर सिग्नलवर सर्किटला शंका येण्याचे कारण नव्हते.

आपले सर्किट बिघडलेले नसून त्याने आपले काम चोख केले आहे, हे मी आवर्जून सांगू इच्छितो. ओल्या झालेल्या प्लगमधून किंवा खराब झालेल्या केबलमधून पायलट आणि अर्थ यांच्यात साधा रोध निर्माण झाला, तर चार्जरने त्याला गाडी समजू नये, यासाठीच खालच्या पातळीची तपासणी असते. म्हणून ती बंद ठेवून पुढे जाण्याचा मोह टाळावा.

डायोड १एन४१४८ प्रकारचा घ्यावा. १एन४००७ हाताशी असतो म्हणून अनेक जण तोच लावतात, पण तो बंद होण्यास बराच वेळ घेतो आणि ६ अँपिअरच्या वेळी, म्हणजे सिग्नल केवळ १०० मायक्रोसेकंद वर असताना, उतरती कड त्यामुळे बिघडू शकते. अॅनोड पायलटकडे आणि कॅथोड रेझिस्टरकडे ठेवावा.

प्रश्नकर्ता

१एन४१४८ लावला आणि दोष नाहीसा झाला. पातळ्या अधिक ९.० आणि उणे १२ आहेत. स्विच दाबल्यावर वरची पातळी ६.० होते आणि एलईडी लागतो. दोषतपासणी पुन्हा सुरू केली आहे. आता मेन्स जोडून, भार म्हणून हीटर लावून पाहावे का?

तिसरे उत्तर

अजून नाही. सिम्युलेटर जोडलेला असतानाच त्याची अर्थची तार काढून पाहावी: पायलटचा परतीचा मार्ग अर्थमधूनच असल्याने व्होल्टेज पुन्हा १२ वर जाऊन एलईडी विझला पाहिजे. मग पायलट थेट अर्थला जोडून पाहावा. तेव्हाही एलईडी विझला पाहिजे. १.३ किलोओहमचा स्विच सोडल्यानंतर १०० मिलिसेकंदांच्या आत कॉन्टॅक्टरची आज्ञा मागे घेतली जाते का, हे ऑसिलोस्कोपच्या दोन चॅनेलवर एकत्र पाहावे.

मेन्सच्या टप्प्यावर पायलट सिग्नलपेक्षा गळतीप्रवाहाचे संरक्षण अधिक महत्त्वाचे ठरते. गाडीतल्या चार्जरमधून डीसी गळती होऊ शकते आणि अशा गळतीमुळे साधा टाइप ए आरसीडी (गळती ओळखून पुरवठा तोडणारे उपकरण) निकामी होतो. म्हणून एक तर डीसी गळतीही ओळखणारा टाइप बी लागतो, नाही तर टाइप ए सोबत ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखून पुरवठा तोडणारे सर्किट लागते. याची चाचणी फेज आणि अर्थ यांच्यात हाताने रेझिस्टर लावून करू नये. ती परवानाधारक तंत्रज्ञाकडून योग्य उपकरणाने करून घ्यावी. कॉन्टॅक्टरचे संपर्क चिकटल्याचे आपले सर्किट ओळखते का, हेही कृपया कळवावे, कारण आपल्या वर्णनात त्याचा उल्लेख आलेला नाही.