लॉन पिवळं पडतंय, युरिया देऊनही फरक नाही. काय तपासू?

हिरवळ_नाशिक:
बंगल्यापुढे साधारण एक गुंठा लॉन आहे, सिलेक्शन-१ जातीचं, तीन वर्षांपूर्वी लावलेलं. खाली मुरमाचा भराव, वर पाऊण फूट काळी माती. पाणी बोअरचं. स्प्रिंकलर रोज संध्याकाळी २० मिनिटं चालतो. जानेवारीअखेर पिवळेपणा सुरू झाला आणि आता मार्चमध्ये निम्मं लॉन पिवळं आहे. फरशीलगतचा हातभर पट्टा तर पांढरट झालाय. हिवाळ्याआधी दोनदा डीएपी दिलं होतं. फेब्रुवारीत १ किलो युरिया दिला, तर गवत वाढलं पण पिवळंच वाढलं. नर्सरीवाले बुरशीनाशक मारायला सांगतात. मारू का?

मातीपाणी:
बुरशीनाशक थांबवा. बुरशीचे डाग गोल किंवा वेडेवाकडे, कडा दिसणारे असतात आणि पात्यावर करपल्यासारखी खूण असते. अख्खा भाग सारखा पिवळा पडत नाही.

आधी चार-सहा काड्या उपटून उजेडात धरा. खालची जुनी पाती पिवळी आणि शेंड्याची हिरवी असतील, तर नत्र कमी. उलट शेंड्याची कोवळी पाती पिवळी, त्यांवर उभ्या शिरा मात्र हिरव्या रेघांसारख्या उठून दिसत असतील, तर लोह कमी. तुमच्या वर्णनावरून लोहाचीच कमतरता वाटतेय. युरियाने वाढ झाली म्हणजे नत्र पोचलं. वाढीला लागणारं लोह मिळालं नाही म्हणून नवीन पातं फिकटच आलं.

खात्री करायला मीटरभर लांबी-रुंदीचे तीन चौकोन आखा. एकावर १ लिटर पाण्यात १० ग्रॅम युरिया, दुसऱ्यावर १ लिटरमध्ये ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, दोन्हीकडे पाती ओली होण्यापुरतंच फवारा. तिसरा तसाच ठेवा. पाच दिवसांत कोणता चौकोन हिरवा होतो, त्यावरून उत्तर मिळेल.

फरशीच्या कडेला जास्त पिवळं असण्यामागे बहुतेक वेळा बांधकामाचा राडा असतो. तिथे खुरप्याने वीतभर खणून सिमेंटचे, गिलाव्याचे तुकडे निघतात का बघा.

वाफसा:
वरच्याशी सहमत, पण मूळ दुखणं पाण्यात आहे. आपल्या काळ्या मातीत लोह भरपूर असतं, चुनखडीमुळे ते मुळांना मिळत नाही. त्यात रोजच्या पाण्याने माती सतत ओली राहिली की मुळांचा श्वास कोंडतो, त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मुरून बायकार्बोनेट वाढतं आणि लोहाचं शोषण आणखी अडतं. बोअरचं पाणी जड असेल तर त्यातूनही बायकार्बोनेट येतंच. डीएपी खतातलं जादा स्फुरदही (फॉस्फरस) लोह अडकवतं, तेव्हा ते पूर्ण बंद.

चार इंच खोलीवरची माती मुठीत दाबा. बोटांना चिकटून चकाकी आली, तर वाफसा (मातीत ओल आणि हवा दोन्ही असणं) नाही. पाणी तोडा.

लॉनवर सपाट तळाचे चार-पाच डबे ठेवून स्प्रिंकलर किती मिलिमीटर पाणी देतो ते मोजा. मार्चमध्ये एका वेळी १५ मिमी, आठवड्यातून दोनदा पुरतं. मे महिन्यात तीनदा. काळी माती सावकाश पिते, म्हणून एका पाळीचं पाणी अर्ध्या तासाच्या अंतराने दोन हप्त्यांत द्या आणि पहाटे द्या.

हिरवळ_नाशिक:
बघितलं. शेंडे पिवळे, शिरा हिरव्या. मातीवर पातळ ॲसिडचे थेंब टाकले तर चांगलीच फसफसली. कडेला गिलाव्याचे तुकडेही निघाले. मग गंधक किंवा जिप्सम टाकून सामू (पीएच) कमी करू का?

मातीपाणी:
फसफसली म्हणजे चुनखडी नक्की. आता गंधकाचा हिशोब करा. एक चौरस मीटर जागेत सहा इंच खोलीपर्यंत साधारण २०० किलो माती. तीत १ टक्का चुना धरला तरी २ किलो. तो मारायला ६०० ग्रॅमच्या वर गंधक लागेल, म्हणजे गुंठ्याला ६० किलोहून जास्त. तुमच्या मातीत चुना १ टक्क्यावर थांबला असेल असं वाटत नाही. तो नाद सोडा. जिप्समने सामू उतरत नाही, ते सोडियम जास्त असलेल्या मातीसाठी. माती-पाण्याचा अहवाल हातात नसताना टाकू नका.

फवारणी अशी करा. १० लिटर पाण्यात आधी १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवा, मग ५० ग्रॅम हिराकस. द्रावण फिकट हिरवट राहिलं पाहिजे. नारिंगी-तपकिरी झालं तर लोह गंजलं, ते टाकून द्या. पंप एका गुंठ्याला पुरतो. संध्याकाळी फवारा, दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पाणी नाही, दोन दिवस कापणी नाही. फरशी आधी भिजवा आणि उडालेलं लगेच धुवा, नाहीतर गंजाचे डाग कायमचे. मात्रा वाढवली तर गवत काळं पडतं.

लोह जुन्या पात्यातून नव्यात जात नाही, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा फवारावं लागेल. हिराकस मातीत टाकलं तर चुनखडी ते लगेच निकामी करते. मातीतून द्यायचंच तर ईडीडीएचए चिलेट (लोह विरघळलेलं धरून ठेवणारं संयुग) घ्या, चौरस मीटरला १ ते २ ग्रॅम, वर पाणी. महाग आहे, म्हणून कडेच्या पट्ट्यापुरतं वापरा. ईडीटीए चिलेट स्वस्त मिळतं, पण अशा मातीत टिकत नाही, ते फवारणीलाच बरं.

पुढचं नत्र युरियाऐवजी अमोनियम सल्फेटमधून, चौरस मीटरला २० ग्रॅम. पाती कोरडी असताना फेका आणि लगेच पाणी द्या.

खुरपं_आणि_कात्री:
कडेचा राडा मात्र उपसून काढाच. तिथे सहा इंच नवी माती आणि चाळलेलं कंपोस्ट भरा. बाकी लॉनमध्ये काटेरी फावड्याने चार-सहा इंचांवर तीन-चार इंच खोल भोकं पाडा आणि कंपोस्ट-वाळू झाडूने आत ढकला. दाबलेल्या काळ्या मातीला हवा मिळाल्याशिवाय वाफसा येणार नाही.

कापणी दीड-दोन इंचांवर, एका वेळी उंचीच्या तृतीयांशापेक्षा जास्त नको. कापल्यावर टोकं चिरफाटून पांढरट दिसली तर मशीनचं पातं बोथट आहे, तो पिवळेपणा लोहाचा समजू नका. आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुन्हा पिवळं पडलं तर फवारणीआधी गवत हाताने ओढून बघा. सतरंजीसारखं उचललं गेलं तर खाली हुमणी (मुळं खाणारी अळी) आहे, तिचा इलाज वेगळा.