२२० लिटरची रीफ टाकी: वाळूत खड्डा आणि खडकामागे लाल थर, प्रवाह कसा बसवायचा?

खारट_ठाणे
नमस्कार मंडळी. खाऱ्या पाण्याची, प्रवाळांची (रीफ) टाकी आहे, १२० × ४५ × ५० सेंमी. खडक-वाळू वजा जाता पाणी साधारण २२० लिटर. प्रवाळ सगळे मऊ: टोडस्टूल लेदर, झोआ, मशरूम, थोडा झेनिया. संपमधला (खालच्या जोडटाकीतला) पाणी परत वर चढवणारा रिटर्न पंप ताशी ४००० लिटरचा, साधा एसी. डीसी वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलवणारे पंप) दोन, प्रत्येकी कमाल ताशी ५००० लिटरचे. दोन्ही बाजूंच्या काचांवर समोरासमोर लावलेत आणि दोन्ही ५० टक्क्यांवर चालतात.

अडचणी अशा:
१) मधोमध वाळू उडून तळाची काच उघडी पडते.
२) खडकामागे लाल, बुळबुळीत थर येतो.
३) लेदर आठ दिवस मिटलेलं आहे.
४) ओव्हरफ्लोचा, म्हणजे टाकीतलं पाणी खाली संपमध्ये उतरवणारा, एकुलता पाइप गुरगुरतो, म्हणून रिटर्नच्या नळीवरचा बॉल व्हॉल्व्ह अर्धा बंद ठेवलाय. त्याऐवजी पंपाला पंख्याचा रेग्युलेटर लावला तर चालेल का?
५) लाइट गेल्यावर संप भरून पाणी जमिनीवर येतं.

भरती_ओहोटी
आधी दोन कामं वेगळी करा. रिटर्न पंपाचं काम पाणी संपमधून फिरवणं एवढंच, प्रवाळांना हलवायचं ते वेव्हमेकरनी. रिटर्नला टाकीच्या पाण्याच्या ५ ते ८ पट पुरतं, म्हणजे तुमच्याकडे ताशी ११०० ते १७५० लिटर. पंपावर छापलेला आकडा शून्य उंचीचा असतो. सव्वा मीटर चढ आणि दोन-तीन एल्बो (काटकोनी जोड) धरले की तो निम्म्यावर येऊ शकतो. त्यामुळे अंदाज नको, मोजा. ओव्हरफ्लोचं पाणी संपऐवजी १० लिटरच्या बादलीत धरा आणि वेळ लावा. २० सेकंदांत भरली तर ताशी १८०० लिटर, २५ सेकंदांत भरली तर १४४०.

खड्ड्याचं कारण वेव्हमेकरची जागा. समोरासमोरचे झोत मध्यभागी आदळतात, त्यातला एक भाग वर जातो आणि दुसरा सरळ खाली वाळूवर. वेग कमी केला तर खड्डा उथळ होईल, पण खडकामागचं पाणी आणखी थंडावेल. म्हणून जागाच बदला. डावा वेव्हमेकर पृष्ठभागाखाली १०-१२ सेंमीवर, तोंड पुढच्या काचेच्या उजव्या भागाकडे आणि किंचित वर. उजवा मागच्या कोपऱ्यात, खडकामागून मागच्या काचेला समांतर. असं केल्यावर पाणी पुढून उजवीकडे आणि मागून डावीकडे असं गोल फिरतं. खडक आणि मागची काच यांत ५ सेंमी तरी मोकळी जागा हवी. ती नसेल तर कितीही ताकद लावा, थर तिथेच बसणार.

सुरुवात डावा ३० टक्के कमी-जास्त होत राहणारा आणि मागचा २५ टक्के सलग अशी करा. मऊ प्रवाळांना ताशी टाकीच्या पाण्याच्या १५-२० पट प्रवाह म्हणतात, पण तो हिशेब पंप निवडण्यापुरता.

पाइपकाम
रेग्युलेटर अजिबात नको. हे पंप चुंबकाच्या रोटरचे, एसीच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेले असतात. व्होल्टेज कापलं तर वेग घटत नाही. रोटर घरघरतो, अडकतो आणि कॉइल तापते. वेग बदलायचा तर डीसी पंप आणि त्याचाच कंट्रोलर. बाहेर जाणाऱ्या बाजूचा व्हॉल्व्ह आवळायला हरकत नाही, त्याने पंपावरचा भार उलट कमी होतो. मात्र पाणी ओढणाऱ्या तोंडाकडे कधीही अडथळा आणू नका.

पाइप गुरगुरतो कारण त्यात पाणी आणि हवा एकत्र ओढली जाते. एकच पाइप असेल तर वर उलटा एल्बो आणि टोपीला बारीक भोक. भोकात हवेच्या नळीचा छोटा व्हॉल्व्ह बसवून आवाज जुळवता येतो. एकट्या निचऱ्याच्या पाइपवर व्हॉल्व्ह बसवू नका. एक गोगलगाय अडकली तर सगळं पाणी हॉलमध्ये. दुसरं छिद्र असेल तर गोष्ट वेगळी: एक पाइप पूर्ण पाण्याने भरलेला आणि त्यावर गेट व्हॉल्व्ह, दुसरा थोडा उंच, कोरडा, आणीबाणीसाठी. इथे बॉल व्हॉल्व्ह कामाचा नाही, पाव फेरीत सगळी उघडझाप होते, बारीक जुळणी जमत नाही.

लाइट गेल्यावर रिटर्नच्या तोंडातून पाणी उलटं ओढलं जातं. तुमच्या टाकीत १ सेंमी उंचीला ५.४ लिटर. तोंड ४ सेंमी बुडालं असेल तर जवळपास २२ लिटर, वर पाइपमधलं वेगळं. तोंड पृष्ठभागाखाली जेमतेम १ सेंमीवर आणा. पाणी उलटं येऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नका, चुन्याचा कण अडकला की तो उघडाच राहतो. मग पंप बंद करा, संपमध्ये पाणी येऊन थांबेपर्यंत थांबा. काठोकाठ आलं तर थोडं काढा. पंप चालू करून पातळी स्थिरावली की तिथे मार्करने रेघ मारा. त्या रेघेच्या वर पाणी कधीच भरायचं नाही.

झोआ_आणि_मशरूम
लेदर मिटलं म्हणजे प्रवाह जास्तच आहे असं नाही. ते अधूनमधून मेणासारखी पातळ कात टाकतं आणि ती निघायला उलट चांगला प्रवाह लागतो. वर चकचकीत पापुद्रा दिसतोय का ते बघा. दिसत असेल तर हात लावू नका, थोडा प्रवाह तिकडे वळवा.

झोआंच्या मधे गाळ साचला तर प्रवाह कमी, सगळे एकाच दिशेला वाकून राहिले तर झोत थेट लागतोय. वाकून परत सरळ व्हायला हवेत. मशरूम खाली, आडोशाला. जोराने ते सुटून भलतीकडे जातात.

लाल थर सायनोबॅक्टेरियाचा (शेवाळासारख्या दिसणाऱ्या जिवाणूंचा) असावा. नळीने ओढून काढा आणि नायट्रेट-फॉस्फेटही तपासा. प्रवाहाने फक्त गाळ बसायचा थांबतो.

खारट_ठाणे
धन्यवाद! वेव्हमेकर हलवले, खड्डा भरतोय. लेदरवर पापुद्रा होताच. आता एक: वेव्हमेकर किती दिवसांनी धुवायचे? आणि चार तास लाइट गेली तर?

भरती_ओहोटी
दर दोन-तीन महिन्यांनी. बाहेर काढून पांढरं व्हिनेगर आणि पाणी समभाग, त्यात तासभर चालू ठेवा. मग रोटर काढून मऊ ब्रशने घासा आणि गोड्या पाण्यात धुवा. परत लावताना १० टक्के कमीवर सुरू करा, कारण चुना निघाल्यावर त्याच आकड्याला झोत जोरात येतो आणि वाळू पुन्हा उडते.

लाइट गेली की पहिली टंचाई ऑक्सिजनची. डावा वेव्हमेकर वर वळवून पृष्ठभाग हलता ठेवा. ॲडॅप्टरवर १२ की २४ व्होल्ट ते बघा आणि तेवढ्याच व्होल्टची बॅटरी घ्या. २० टक्क्यांवर तो ५ वॉट खात असेल तर चार तासांना २० वॉट-तास लागतात, बॅटरी निदान ४० वॉट-तासांची घ्या. वायर प्लगच्या खाली लोंबती ठेवून मग वर घ्या, म्हणजे ओघळ सॉकेटमध्ये जात नाही.